धीराचे दोनशे दिवस

शरीरास मोठी इजा झाली म्हणजे मनुष्यास सर्वांत अधिक कठीण काय जाते? पुष्कळांना वाटेल की वेदना सोसणे. परंतु वेदना ही काही दिवसांची पाहुणी असते. औषधाने व विश्रांतीने ती हळूहळू ओसरते. खरे कठीण असते ते थांबणे. अंगात उत्साह आहे, सोबती मैदानावर खेळत आहेत, दुखणेही फारसे राहिलेले नाही, आणि तरीही अजून वेळ आलेली नाही हे ओळखून स्वस्थ बसणे, यासाठी निराळेच सामर्थ्य लागते. हे सामर्थ्य म्हणजे धीर. अमेरिकेतील काइल श्वार्बर नावाच्या एका तरुण खेळाडूस इ. स. २०१६ मध्ये अशा धीराची कसोटी द्यावी लागली.

श्वार्बर हा बेसबॉल खेळणारा. आपल्याकडे जसे क्रिकेट, तसे अमेरिकेत बेसबॉल. दोन्ही खेळांत चेंडू व फळी असते आणि दोन्हींत धावा काढावयाच्या असतात. परंतु खेळण्याची रीत वेगळी. बेसबॉलच्या मैदानात एका चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. त्यांस बेस असे म्हणतात. एका ठाण्यापासून दुसरे ठाणे ९० फूट अंतरावर असते. पहिल्या कोपऱ्यावर, म्हणजे घरच्या ठाण्यापाशी, फलंदाज उभा राहतो. ६० फूट ६ इंच अंतरावरून प्रतिपक्षाचा पिचर त्याच्याकडे चेंडू फेकतो. चेंडू जमिनीवर टप्पा न घेता थेट येतो आणि ताशी ९० मैल किंवा त्याहूनही अधिक वेगाने येत असल्यामुळे तो टोलवावयास फलंदाजास अर्ध्या सेकंदाहूनही कमी अवधी मिळतो. चेंडू टोलवून फलंदाज पहिल्या ठाण्याकडे धाव घेतो, आणि चारही ठाण्यांची प्रदक्षिणा पूर्ण करून तो घरी परतला म्हणजे एक धाव होते. चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे गेला, तर त्यास होमरन म्हणतात.

क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघात नऊ खेळाडू असतात. त्यांपैकी तिघे ठाण्यांच्या पलीकडील विस्तीर्ण हिरवळीवर उभे राहतात. हे बाह्यक्षेत्राचे रक्षक होत. एक डावीकडे, एक मध्यभागी व एक उजवीकडे. उंच उडालेल्या चेंडूवर दृष्टी खिळवून पूर्ण वेगाने धावणे, धावता धावता दिशा बदलणे, प्रसंगी अंग झोकून देऊन चेंडू झेलणे आणि लगेच उठून तो दूरवर फेकणे, हे त्यांचे काम. ज्याचे पाय भक्कम नाहीत त्यास बाह्यक्षेत्रात स्थान नाही, असे म्हणावयास हरकत नाही. श्वार्बर हा शिकागो कब्ज या संघाचा डाव्या बाजूचा बाह्यरक्षक होता.

त्याचा जन्म ५ मार्च १९९३ रोजी ओहायो राज्यातील मिडलटाउन या गावी झाला. वडील पोलीस खात्यात, आई परिचारिका. शाळेत असताना तो बेसबॉल व फुटबॉल खेळे. शिवाय शाळेच्या गायनवृंदात गातही असे. पुढे इंडियाना विद्यापीठात त्याने आपल्या फलंदाजीने नाव मिळविले. इ. स. २०१४ मध्ये देशातील होतकरू खेळाडूंची निवड झाली, तेव्हा कब्ज संघाने त्यास चौथ्याच क्रमांकावर निवडले. पुढच्या वर्षी, जून २०१५ मध्ये, तो पहिल्या दर्जाच्या स्पर्धेत उतरला. त्या वर्षी ६९ सामन्यांत त्याने १६ होमरन मारले, आणि हंगामाच्या शेवटी होणाऱ्या बादफेरीच्या सामन्यांत आणखी पाच. त्यांपैकी एक चेंडू तर शिकागोच्या रिग्ली फील्ड या मैदानावरील उंच धावफलकाच्या माथ्यावर जाऊन बसला. संघाच्या चालकांनी तो खाली काढला नाही. त्याच जागी पारदर्शक पेटीत झाकून ठेवला. एका तेवीस वर्षांच्याही आतील तरुणाचे लोकांना किती कौतुक वाटत होते, याची यावरून कल्पना येईल.

कब्ज संघाकडून लोकांची अपेक्षाही मोठी होती. बेसबॉलमधील श्रेष्ठ संघ ठरविणाऱ्या अंतिम मालिकेस वर्ल्ड सिरीज म्हणतात. तीत सातांपैकी चार सामने जिंकणारा संघ विजयी ठरतो. ही मालिका कब्जनी शेवटची जिंकली होती ती इ. स. १९०८ मध्ये. इ. स. १९४५ नंतर तर त्यांना या मालिकेत प्रवेशही मिळाला नव्हता. आजे गेले, बाप म्हातारे झाले, नातवंडे मोठी झाली, तरी शिकागोच्या लोकांची प्रतीक्षा सरली नव्हती. इ. स. २०१६ चा संघ मात्र असा बलवान होता की, यंदा ही प्रतीक्षा संपेल असे सर्वांना वाटू लागले. त्या संघात श्वार्बरचे स्थान निश्चित होते.

आणि हंगामाच्या तिसऱ्याच सामन्यात घात झाला. ७ एप्रिल २०१६ रोजी ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहरी सामना चालू होता. दुसऱ्या डावात प्रतिपक्षाच्या फलंदाजाने चेंडू असा टोलविला की, तो डावीकडील व मध्यावरील रक्षकांच्या बरोबर मधल्या मोकळ्या जागेकडे गेला. डावीकडून श्वार्बर धावला. मध्यावरून डेक्स्टर फाउलर धावला. दोघांचीही दृष्टी चेंडूवर होती, दोघेही पूर्ण वेगात होते, आणि दोघांचीही इच्छा चेंडू अडविण्याचीच होती. क्षणार्धात त्यांची धडक झाली. चेंडू पुढे निघून गेला. फाउलर सावरला, श्वार्बर मात्र जमिनीवर पडून राहिला. त्यास गाडीवर घालून मैदानाबाहेर न्यावे लागले. यात कोणाचा अपराध नव्हता. कर्तव्यात कसूर केल्यामुळे नव्हे, तर ते जिवापाड करीत असताना हा अपघात घडला.

दुसऱ्या दिवशी तपासणीचा निष्कर्ष बाहेर आला. श्वार्बरच्या डाव्या गुडघ्यातील दोन अस्थिबंध तुटले होते आणि घोटाही मुरगळला होता. त्या वर्षी तो पुन्हा खेळू शकणार नाही, असे संघाने जाहीर केले. हंगाम सहा महिन्यांचा. त्यातले चारच दिवस सरले होते.

अस्थिबंध तुटणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी गुडघ्याची रचना थोडी जाणली पाहिजे. गुडघा हा मांडीचे हाड व नडगीचे हाड यांमधील सांधा. दाराच्या बिजागरीप्रमाणे तो मुख्यतः पुढे-मागे वाकतो. परंतु बिजागरीला जसा खिळा असतो, तसा हाडांना जोडणारा खिळा गुडघ्यात नाही. दोन हाडे एकमेकांवर टेकलेली असतात, व त्यांना जागच्या जागी बांधून ठेवण्याचे काम चार चिवट दोऱ्या करतात. याच दोऱ्यांना अस्थिबंध म्हणतात. दोन अस्थिबंध गुडघ्याच्या आतील व बाहेरील अंगास असतात. दोन सांध्याच्या अंतर्भागात एकमेकांस फुलीसारखे छेदून जातात. फुलीतील पुढचा अस्थिबंध नडगीस पुढे घसरू देत नाही व पाय अवचित पिळला गेल्यास सांधा सावरतो. बाहेरच्या अंगाचा अस्थिबंध गुडघ्यास बाहेरच्या बाजूला कलू देत नाही. श्वार्बरचे हेच दोन तुटले होते. अशा गुडघ्यावर मनुष्य हळूहळू सरळ चालू शकतो. पण धावता धावता वळू गेल्यास गुडघा दगा देतो.

फुलीतील हा अस्थिबंध एकदा पूर्ण तुटला म्हणजे सहसा आपोआप सांधत नाही. म्हणून शल्यवैद्य बहुधा त्याच्या जागी नवी दोरी बसवितात. ही दोरी पुष्कळदा रोग्याच्याच शरीरातून, गुडघ्याच्या पुढील किंवा मांडीच्या मागील कंडरेतून घेतात. हाडांत बारीक बोगदे पाडून ती त्यांतून ओवतात व पक्की करतात. माळी जसे एका झाडाची फांदी दुसऱ्यावर बांधून कलम करतो, तसेच हे कलम होय. कलम बांधल्याबरोबर कोणी त्या फांदीस झोका बांधीत नाही. गुडघ्याच्या कलमाचेही तसेच आहे. प्रारंभी त्यास रक्ताचा पुरवठा नसतो. पहिल्या काही आठवड्यांत ते बळकट होण्याऐवजी उलट अशक्त होते. पुढे सूक्ष्म रक्तवाहिन्या त्यात शिरतात, नवीन पेशी वाढू लागतात, आणि कित्येक महिन्यांनी त्या कंडरेचे अस्थिबंधासारख्या पदार्थात रूपांतर होते.

या व्यवहारात एक फसवी गोष्ट आहे. कलम पक्के होण्यास अनेक महिने लागतात, पण वेदना त्याच्या कितीतरी आधी थांबते. सूज उतरते, पाय वाकू लागतो, चालणे सहज होते, आणि रोग्यास वाटते की आपण बरे झालो. याच वेळी जो उतावळेपणा करतो, त्याचे कलम पुन्हा तुटण्याचा संभव असतो. वेदना थांबणे म्हणजे बरे होणे नव्हे, ही गोष्ट शस्त्रक्रियेपेक्षाही रोग्यास समजणे कठीण जाते.

त्याच एप्रिल महिन्यात डॅलस शहरी डॉ. डॅनियल कूपर यांनी श्वार्बरच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली. शल्यवैद्याचे काम काही तासांत संपले. रोग्याचे काम तेथून सुरू झाले. अशा शस्त्रक्रियेनंतर मांडीचे स्नायू झपाट्याने झिजतात. कालपर्यंत पिळदार असलेली मांडी डोळ्यांदेखत बारीक होते. म्हणून व्यायामाचा आरंभ अगदी लहान कृतीपासून करावा लागतो. प्रथम अंथरुणावर पडल्या पडल्या मांडीचा स्नायू केवळ आवळावयाचा व सोडावयाचा. नंतर पाय सरळ ठेवून वीतभर उचलावयाचा. मग गुडघा थोडा थोडा वाकवावयाचा. कुबड्या सुटल्या म्हणजे तोल सांभाळण्याचा सराव, पुढे जागच्या जागी चालविण्याची सायकल, पायऱ्या, वजने, सरळ रेषेत सावकाश धावणे, आणि अगदी शेवटी धावताना वळणे. एक पायरी पक्की झाल्यावाचून दुसरीवर पाय ठेवावयाचा नाही, असा हा शिस्तीचा क्रम असतो. ज्याने हजारो लोकांच्या जयघोषात चेंडू धावफलकावर भिरकावला, त्यास आता पाय वीतभर उचलणे हेच दिवसाचे मोठे कार्य होऊन बसले.

हे महिने त्याने कुढत घालविले नाहीत. खेळता येत नसले तरी संघाच्या उपयोगी पडता येते, हे त्याने जाणले. नव्या खेळाडूंच्या निवडीचे काम चाले, तेव्हा तो संघाच्या अधिकाऱ्यांबरोबर बसला व ते काम त्याने जवळून पाहिले. इकडे त्याचे सोबती एकामागून एक सामने जिंकत होते. त्या हंगामात कब्जनी १०३ सामने जिंकले. त्यांचा विजय पाहताना आपण त्यात नाही याचे शल्य कोणासही वाटले असते. पण सोबत्यांचा विजय हा आपलाच विजय मानणे व उद्याच्या व्यायामास वेळेवर हजर राहणे, एवढेच त्याच्या हाती होते आणि ते त्याने चोख केले.

उन्हाळा सरला, ऑक्टोबर उजाडला. १७ ऑक्टोबर रोजी श्वार्बर डॅलस येथे डॉक्टरांकडे गेला. शस्त्रक्रियेस सहा महिने होत आले होते, व ही नेहमीची तपासणी होती. गुडघा तपासून डॉक्टरांनी जे सांगितले ते कोणाच्याही अपेक्षेपलीकडचे होते. गुडघा इतका सुधारला होता की, फलंदाजी करण्यास आता प्रत्यवाय नव्हता. श्वार्बरने तत्काळ संघाचे प्रमुख थिओ एपस्टीन यांस दूरध्वनी केला आणि एक संधी द्यावी अशी विनंती केली. कब्ज त्या वेळी वर्ल्ड सिरीजच्या उंबरठ्यावर उभे होते.

परंतु परवानगी मिळाली म्हणजे तयारी झाली असे नव्हे. सहा महिने ज्याने सामन्यातील एकही चेंडू टोलविला नाही, त्यास अर्ध्या सेकंदात चेंडूची चाल ओळखणे एकाएकी कसे साधावे? दृष्टी व हात यांचा मेळ हा रोजच्या सरावानेच टिकतो. हाती अवघा एक आठवडा होता. श्वार्बर ॲरिझोनात गेला. तेथे यंत्रातून सुटणाऱ्या शेकडो चेंडूंवर त्याने नजर बसविली. त्या ऋतूत तेथे उदयोन्मुख खेळाडूंची एक स्पर्धा चालते. तिच्यातील दोन सामन्यांत तो फलंदाजीस उतरला. जो पहिल्या दर्जाच्या मैदानावर गाजला होता, त्याने शिकाऊ खेळाडूंच्या पंक्तीस बसण्यात कमीपणा मानला नाही. २२ ऑक्टोबरला कब्जनी वर्ल्ड सिरीजमध्ये प्रवेश मिळविला. २४ ऑक्टोबरला दुसरा सराव सामना आटोपून श्वार्बर विमानाने क्लीव्हलंड शहराकडे निघाला.

डॉक्टरांची परवानगी मर्यादित होती. फलंदाजी करावयाची, बाह्यक्षेत्रात मात्र उभे राहावयाचे नाही. फलंदाजीत पाय कोठे व कसा वळणार हे आधी ठाऊक असते. बाह्यक्षेत्रात तसे नाही. तेथे चेंडू ज्या दिशेस जाईल त्या दिशेस शरीर झोकावे लागते. खेळाच्या नियमांमुळे एक वाट मोकळी होती. त्या काळी अमेरिकन लीगच्या संघांच्या मैदानावर, पिचरऐवजी केवळ फलंदाजी करणारा एक खेळाडू नेमता येत असे. क्लीव्हलंडच्या मैदानावर ही सोय होती. शिकागोच्या मैदानावर नव्हती.

२५ ऑक्टोबर २०१६. अपघातापासून हा २०१वा दिवस. वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात श्वार्बर फळी घेऊन उभा राहिला. समोर कोरी क्लूबर हा नावाजलेला पिचर होता. पहिल्या खेपेस श्वार्बर बाद झाला. चौथ्या डावात मात्र त्याने चेंडू असा टोलविला की, तो उजवीकडील कुंपणाच्या भिंतीवर जाऊन आदळला आणि श्वार्बर दुसऱ्या ठाण्यावर पोहोचला. त्या वर्षातील त्याचा तो पहिला यशस्वी फटका. पिचर वगळता, वर्षातील पहिला फटका थेट वर्ल्ड सिरीजमध्ये मारणारा खेळाडू त्यापूर्वी कोणी झाला नव्हता. तो सामना कब्ज हरले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ५–१ असा विजय मिळविला व त्यांपैकी दोन धावा श्वार्बरच्या फटक्यांनी आल्या.

आता सामने शिकागोत होणार होते. तेथे खेळावयाचे तर बाह्यक्षेत्रात उभे राहणे भाग. श्वार्बरचे फटके पाहून लोकांना वाटू लागले की त्यास मैदानात उतरवावे. डॉक्टरांनी नकार दिला. संघाने तो मानला, आणि श्वार्बरनेही मानला. एकाहत्तर वर्षांनी आपल्या शहरात आलेली वर्ल्ड सिरीज त्याने बहुतेक बाकावर बसूनच पाहिली. तीन सामन्यांत तो एकदाच काय तो बदली फलंदाज म्हणून गेला व बाद होऊन परतला. त्या तिहींपैकी दोन सामने कब्ज हरले. भिंतीवर चेंडू आदळविणाऱ्या त्या दिवसापेक्षाही हे तीन दिवस त्यास अधिक जड गेले असतील. धीराची कसोटी खरी येथे लागली.

चार सामन्यांनंतर क्लीव्हलंडचे तीन विजय झाले होते, कब्जचा अवघा एक. आणखी एक पराभव म्हणजे सारेच संपले. परंतु पाचवा सामना कब्जनी ३–२ असा जिंकला, सहावा क्लीव्हलंडला जाऊन ९–३ असा जिंकला, आणि २ नोव्हेंबरच्या रात्री सातवा व निर्णायक सामना सुरू झाला. आठव्या डावात कब्ज ६–३ असे पुढे होते. तोच क्लीव्हलंडने तीन धावा काढून बरोबरी साधली. नऊ डाव संपले तरी निकाल लागेना. इतक्यात पाऊस आला व खेळ १७ मिनिटे थांबला. त्या अवधीत जेसन हेवर्ड या खेळाडूने सोबत्यांना एकत्र बोलावून धीर दिला.

पाऊस थांबला. दहाव्या डावात कब्जचा पहिला फलंदाज होता श्वार्बर. त्याने चेंडू टोलविला आणि तो पहिल्या ठाण्यावर सुखरूप पोहोचला. त्या रात्रीचा हा त्याचा तिसरा फटका. आता तेथून धाव पूर्ण करण्यास चपळ पाय हवे होते. बदली धावपटू म्हणून आल्बर्ट अल्मोरा मैदानात आला, आणि श्वार्बर ठाणे सोडून बाहेर गेला. पुढच्या फलंदाजाचा उंच चेंडू दूर झेलला गेला, त्या संधीचा फायदा घेऊन अल्मोराने दुसरे ठाणे गाठले. मग बेन झोब्रिस्टच्या फटक्यावर तो घरी पोहोचला. आणखी एक धाव झाली. क्लीव्हलंडला त्या डावात एकच धाव करता आली. कब्ज ८–७ असे जिंकले. १०८ वर्षांची प्रतीक्षा संपली.

त्या धावेचा आरंभ श्वार्बरने केला, पण ती पूर्ण केली दुसऱ्याच्या पायांनी. यात कमीपणा कसला? आपल्याने होईल तितके पूर्ण बळ लावून करावे व उरलेले सोबत्याच्या हाती विश्वासाने सोपवावे, हाच सांघिक खेळाचा धर्म होय. त्या मालिकेत श्वार्बरने १७ वेळांपैकी ७ वेळा यशस्वी फटके मारले. दहांपैकी तीन वेळा यश मिळाले तरी बेसबॉलमध्ये फलंदाज उत्तम समजला जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामगिरीची थोरवी कळते.

गोष्ट येथेच संपती तर ती एखाद्या परीकथेसारखी वाटती. परंतु आयुष्य एका विजयाने पूर्ण होत नाही. इ. स. २०१७ मध्ये श्वार्बर पुन्हा बाह्यक्षेत्रात उभा राहिला. गुडघा भक्कम होता, पण फलंदाजी बिघडली. जून महिन्यात संघाने त्यास आयोवा येथील दुय्यम संघात धाडले. ज्याच्या नावाचा जयघोष आठ महिन्यांपूर्वी झाला होता, त्यास पुन्हा खालच्या पायरीवरून आरंभ करावा लागला. त्याने तो केला. जुलैमध्ये तो परत आला आणि ते वर्ष संपले तेव्हा त्याच्या नावावर ३० होमरन होते. पुढे तो फिलाडेल्फियाच्या संघात गेला. २८ ऑगस्ट २०२५ रोजी त्याने एकाच सामन्यात चार होमरन मारले, आणि त्या हंगामात ५६ होमरन मारून नॅशनल लीगमध्ये पहिला क्रमांक मिळविला.

फीनिक्सच्या मैदानावर गाडीवर निजवून ज्यास बाहेर नेले, त्या तरुणाच्या पुढील नऊ वर्षांचा हा वृत्तांत. शल्यवैद्याचे कौशल्य नसते तर तो उभा राहिला नसता, हे खरे. पण कौशल्याने बांधलेले कलम जपण्यास रोग्याचा संयम लागतो. श्वार्बरने व्यायाम सांगितला तेव्हा व्यायाम केला, थांबावयास सांगितले तेव्हा तो थांबला, आणि वेळ येताच क्षणही न दवडता तो पुढे झाला. उतावळा मनुष्य थांबू शकत नाही. आळशी मनुष्य वेळ आली तरी उठू शकत नाही. ज्यास थांबणे व उठणे या दोन्ही गोष्टी योग्य वेळी साधतात, तोच खरा धीराचा.

शब्दार्थ

अस्थिबंध – सांध्यातील हाडांना एकत्र बांधून ठेवणारी चिवट दोरी
कंडरा – स्नायूस हाडाशी जोडणारी दोरी
शल्यवैद्य – शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर
शल्य – मनात सलणारे दुःख
प्रत्यवाय – अडचण, हरकत
होतकरू – पुढे नाव काढील असा
निर्णायक – शेवटचा निकाल लावणारा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) श्वार्बर मैदानात कोणत्या जागी क्षेत्ररक्षण करीत असे?
(आ) कब्ज संघाने इ. स. २०१६ पूर्वी वर्ल्ड सिरीज शेवटची केव्हा जिंकली होती?
(इ) श्वार्बरच्या दहाव्या डावातील फटक्यानंतर धाव कोणी पूर्ण केली?

२. कारणे द्या.
(अ) बाह्यक्षेत्राच्या रक्षकाचे पाय भक्कम असावे लागतात.
(आ) वेदना थांबली तरी रोग्याने उतावळेपणा करू नये.
(इ) शिकागोतील सामन्यांत श्वार्बर बहुतेक वेळ बाकावर बसून राहिला.

३. ‘कलम’ या शब्दाचा माळ्याच्या व शल्यवैद्याच्या कामातील अर्थ सांगून दोहोंतील साम्य चार-पाच ओळींत लिहा.

४. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा.
कसोटी लागणे, कसूर करणे, कमीपणा मानणे, दगा देणे, उंबरठ्यावर उभे असणे.

५. ‘श्वार्बरच्या धीराची खरी कसोटी शिकागोच्या तीन सामन्यांत लागली’ या विधानाशी तुम्ही सहमत आहात काय? सकारण लिहा.